फोर टॉप्सची ‘स्टिल वॉटर्स रन डीप’: घ्या, पण भोक मधोमध आहे का ते आधी बघा

शेवटच्या गाण्यात सूर डुलतो. हे आधीच सांगतो, कारण फोर टॉप्स या अमेरिकी गायक-चौकडीच्या या रेकॉर्डपायी जेवढं डोकं खपवलं त्यातलं निम्मं याच्यावर गेलं. माझ्या तबकडीचं भोक साधारण अर्धा मिलिमीटर सरकलेलं आहे. त्यामुळे दर १.८ सेकंदाला, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला, सुईचा दांडा एक झोका घेतो. कडेच्या गाण्यांत सुराचा फरक जेमतेम ०.३ टक्के, कानाला कळतही नाही. लेबलजवळ तोच ०.८ टक्क्यांवर जातो. तिथे कुणी सूर लांबवला की संपलंच.

विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, ‘सर, जुना माल आहे, एवढं चालतं.’ अहो, भोक वयोमानाने सरकत नाही, ते कारखान्यातच तसं पडतं! पोस्टेजसकट २,६०० रुपये मोजलेत मी. बरीच हुज्जत घातल्यावर ३०० रुपये सोडायला तयार झाला, तेही पुढच्या खरेदीवर.

तो राग सुरुवातीचे काही आठवडे मी रेकॉर्डवरच काढला. १९७० सालची, मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची. निर्माता फ्रँक विल्सन. त्यांची गाजलेली गाणी लिहिणारं हॉलंड-डोझियर-हॉलंड त्रिकूट तोवर कंपनी सोडून गेलं होतं. मुख्य गायक लीव्हाय स्टब्ज मुळात बॅरिटोन, म्हणजे खालच्या पट्टीचा, पण ते तिघे त्याला मुद्दाम वरच्या पट्टीत गायला लावायचे, म्हणून तो जिवाच्या आकांताने गातोय असं वाटायचं. मला तोच आकांत हवा होता. इथे स्वारी सबुरीने घेते. त्यात दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटंसुद्धा भरत नाहीत, आणि पहिलं गाणं शेवटी ‘पीस’ म्हणून परत येतं. एकाच गाण्याचे दोनदा पैसे घेतले, असं मी मित्रांना सांगत सुटलो होतो.

‘इट्स ऑल इन द गेम’ने मात्र मला नरम केलं. चाल १९११ची, बांधणारे चार्ल्स डॉझ, जे पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले. शब्द कार्ल सिगमनने १९५१ साली घातले, १९५८ साली टॉमी एडवर्ड्सने ते घरोघरी पोचवलं. इतक्या हातांतून गेलेलं गाणं हे लोक अजिबात घाई न करता गातात. स्टब्ज, ड्यूक फकीर, ओबी बेन्सन, लॉरेन्स पेटन हे चौघे पन्नासच्या दशकात डेट्रॉइटमध्ये एकत्र आले आणि १९९७ साली पेटन जाईपर्यंत एकही माणूस बदलला नाही. कुणी कुठे श्वास घेणार हे एकमेकांना न बघता ठाऊक असल्यासारखं गातात. ओरडून गायले असते तर हे ऐकूच आलं नसतं.

त्यातला बेन्सन मोठा गमतीचा माणूस. बर्कलीत पोलिसांनी तरुणांना झोडपलेलं पाहून ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या गाण्याची सुरुवात त्याने केली. साथीदार म्हणाले, निषेधाची गाणी आपण गात नाही. मग ते गायक मार्व्हिन गेकडे गेलं आणि १९७१ साली तुफान गाजलं. आता निषेध नको म्हणणारी हीच मंडळी इथे शेवटी शांततेचं गाणं गातात. हे लक्षात आल्यावर ‘पीस’ नीट ऐकावंसं वाटू लागलं. आणि डुलतं नेमकं तेच!

शेवटी गोल कानस आणली. भोक किंचित मोठं केलं. आता तबकडी ठेवली की दांड्याचा झोका थांबेपर्यंत ती बोटाने सरकवायची, लेबलवर पेन्सिलची खूण आहे. संग्राहक शिव्या घालतील, घालू देत. सूर सरळ झाला. दोनदा पैसे घेतल्याची तक्रार मागे घेतो. ३०० रुपयांची नाही.

नुसती ऐकायची असेल तर स्ट्रीमिंगवर आहे, एवढे पैसे घालू नका. तबकडीच हवी असेल तर पैसे देण्याआधी शेवटचं गाणं वाजताना दांड्याचा वरून घेतलेला व्हिडिओ मागा. विक्रेता कुरकुरला तर दुसरा बघा. ‘एल.ए. (माय टाउन)’ हे गाणं मात्र मी अजूनही सुई उचलून ओलांडतो.