एडीएस१११५ मॉड्यूल: चिप झकास, पण इनपुटचं काम आपल्यालाच करावं लागतं

सोलरच्या १२ व्होल्ट बॅटरीचं व्होल्टेज मोजायला हे मॉड्यूल (एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करून देणारं) वापरतोय आणि मला ते मनापासून आवडलंय. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचा आतला एडीसी रेंजच्या दोन्ही टोकांना सरळ चालत नाही, त्यात वायफाय चालू असलं की एडीसी२ च्या पिना हातच्या जातात, त्यामानाने टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ही १६ बिटची चिप म्हणजे सुख आहे, रेफरन्स आतच, गेन (सिग्नल किती मोठा करून मोजायचा ते) कोडमधून बदलता येतो.

पण नुसतं १६ बिट वाचून खूश होऊ नका. मॉड्यूलवर आयटूसीच्या (डेटा नेणाऱ्या तारांच्या) पुलअप रेझिस्टर दिलेत, ए० ते ए३ या इनपुट पिना मात्र थेट चिपला जोडलेत, मध्ये ना रेझिस्टर ना कपॅसिटर. अचूकता मिळते किंवा जाते ती इथेच.

माझंच उदाहरण घ्या, १०० के (किलोओहम) आणि २२ के चा डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज विभागून कमी करणारे दोन रेझिस्टर, त्यामुळे चिपला सोर्सचा रेझिस्टन्स दिसतो साधारण १८ के चा. ±४.०९६ व्होल्टच्या रेंजला एक काउंट (रीडिंगची सगळ्यात लहान पायरी) १२५ मायक्रोव्होल्टचा, पण त्याच रेंजला चिपचा कॉमन मोड इनपुट इम्पिडन्स (पिनेपासून ग्राउंडपर्यंत दिसणारा रेझिस्टन्स म्हणा) फक्त ६ मेगाओहम आहे, कारण आत सतत स्विच होणारे कपॅसिटर बसलेत आणि ते करंट खातात. म्हणजे ०.३ टक्के किंवा थोडी जास्तच चूक, २.१६ व्होल्टवर पन्नासेक काउंट गेले की हो! १० के आणि २.२ के लावले तर चूक दहापट कमी होते, पण मग बॅटरीतून कायम १ मिलिअँप जात राहतो, तो नको असेल तर मध्ये एमसीपी६००२ सारखा ऑपअँप बफर म्हणून टाका, म्हणजे चिपचा करंट डिव्हायडरऐवजी तो देईल.

पिनेजवळ १ के सिरीजमध्ये आणि १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर ग्राउंडला, हे तर लावाच. कटऑफ, म्हणजे जिथून वरचे सिग्नल दाबले जातात ती फ्रिक्वेन्सी, १.६ किलोहर्ट्झला येतो. चिपचा मॉड्युलेटर (आत सॅम्पल घेणारा भाग) २५० किलोहर्ट्झवर चालतो, बक कन्व्हर्टरचा (व्होल्टेज उतरवणाऱ्या सप्लायचा) त्याच्या आसपासचा नॉइज सॅम्पलिंगमध्ये खाली दुमडून रीडिंगमध्ये घुसतो आणि नंतर कोडमध्ये कितीही अ‍ॅव्हरेज घ्या, त्याचा भरवसा नाही, हा रेझिस्टर-कपॅसिटरचा आरसी फिल्टर मात्र त्याला दीडशेपट दाबतो. कपॅसिटरचं ग्राउंड मॉड्यूलच्या जीएनडी पिनेलाच न्या, रिलेचा करंट जातो त्या ट्रॅकवर अजिबात नको.

अजून एक, ±६.१४४ ची रेंज बघून ३.३ व्होल्टच्या सप्लायवर ५ व्होल्टचा सिग्नल देऊ नका, पिनेवर सप्लायपेक्षा ०.३ व्होल्टच जास्त चालतं.

शंटवरचा (करंट मोजायच्या छोट्या रेझिस्टरवरचा) करंट मोजायचा असेल तर डिफरन्शियल मोडमध्ये (दोन पिनांमधला फरक मोजून) ±०.२५६ ची रेंज भारी आहे, काउंट ७.८ मायक्रोव्होल्टचा. ऑडिओसाठी मात्र घेऊ नका, सेकंदाला जास्तीत जास्त ८६० सॅम्पल मिळतात.