जाहिरात खाते एजन्सीच्या नावावर ठेवू नका

सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब ठेवणारे एक सॉफ्टवेअर आम्ही दोघा भागीदारांनी पुण्यात तयार केले. संस्थांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे एप्रिल उजाडताच ग्राहक शोधायचे, असे ठरले होते. त्याच सुमारास एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीने संपर्क साधला. फेसबुकवरील जाहिरातींतून संस्थांच्या पदाधिकाऱ्यांचे लीड, म्हणजे संभाव्य ग्राहकांची नावे व संपर्क, मिळवून देऊ, जाहिरातीचा खर्च मात्र आगाऊ द्यावा आणि जाहिराती एजन्सीच्याच खात्यातून चालतील, म्हणजे तुम्हाला तांत्रिक त्रास नको, असे त्यांनी सांगितले. साऱ्या फसवणुकीचे मूळ या शेवटच्या अटीत होते. खाते त्यांचे असल्यामुळे पैसे किती खर्च झाले आणि जाहिरात कोणाला दिसली, हे पाहण्याची कोणतीही सोय आमच्याकडे नव्हती. येत होते ते केवळ अहवालाचे स्क्रीनशॉट आणि नावे व मोबाइल क्रमांकांची एक्सेल यादी.

यादीतील लोक फोनवर सौजन्याने बोलत आणि 'माहिती पाठवा' एवढेच म्हणत. खरा सचिव किंवा खजिनदार असे बोलत नाही. मागील शिल्लक कशी भरायची, सदनिका भाड्याने दिल्यास आकारायचे, सेवा शुल्काच्या कमाल १० टक्के असलेले बिनभोगवटा शुल्क आपोआप लागते का, लेखापरीक्षकाला कोणते तक्ते मिळतील, हे त्याचे पहिले प्रश्न असतात. यादीतील एकानेही ते विचारले नाहीत. अखेर एका गृहस्थांनी सांगितले, की त्यांनी मोफत रिचार्जसाठी कुठलासा फॉर्म भरला होता आणि ते स्वतःच्या बंगल्यात राहतात.

फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या 'ॲड लायब्ररी'त कोणत्याही पेजच्या चालू जाहिराती कोणालाही पाहता येतात. एजन्सीच्या अहवालात जाहिरात 'चालू' असताना तिथे आमची एकही जाहिरात नव्हती. जाब विचारताच त्यांनी फोन उचलणे बंद केले. बिलावर १८ टक्के जीएसटी आकारला होता. त्यावरील जीएसटी नोंदणी क्रमांक जीएसटी पोर्टलवर शोधला, तेव्हा ती नोंदणी आधीच रद्द झालेली निघाली. ही तपासणी विनामूल्य असून पहिला हप्ता देण्यापूर्वीच ती करावी.

जाहिरात खाते आपल्या व्यवसायाच्या नावाने उघडावे, खर्च आपल्या कार्डावरून व्हावा आणि एजन्सीला त्या खात्यात फक्त 'पार्टनर' म्हणून, म्हणजे काम करण्यापुरता, प्रवेश द्यावा. तो हवा तेव्हा काढून घेता येतो आणि सर्व नोंदी आपल्याकडे राहतात. याला नकार देणाऱ्या एजन्सीशी व्यवहारच करू नये.

पैसे गेलेच असतील तर विलंब न करता बँकेला कळवावे आणि १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. करारपत्र, बँकेचा उतारा, व्हॉट्सॲपवरील संभाषण आणि ॲड लायब्ररीच्या रिकाम्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट आम्ही तक्रारीसोबत जोडला आहे. रक्कम अद्याप परत मिळालेली नाही.