एर्टिगा: सात माणसं बसतात, पण बॅगांचं काय?

आजी-आजोबा, नवरा-बायको, दोन मुलं आणि एखादी आत्या एवढी माणसं घरात असली की पाच सीटची गाडी पुरत नाही. मग दहा ते तेरा लाखांत काय मिळतं याची शोधाशोध सुरू होते आणि बहुतेकांची ती मारुती एर्टिगापाशी येऊन थांबते. थांबायला हरकतही नाही. चूक होते ती पुढे, कोणती एर्टिगा घ्यायची हे ठरवताना. अ‍ॅव्हरेजच्या मोहात सीएनजी बुक होते आणि पहिल्याच गणपतीला गावी निघताना लक्षात येतं की डिकीत सिलिंडर आहे आणि बॅगा अंगणात.

आधी मापं बघू. गाडी सुमारे ४.४ मीटर लांब, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २७४० मिमी. तिन्ही रांगा उभ्या असताना डिकी २०९ लिटरची. म्हणजे दोन केबिन बॅगा उभ्या आणि वरच्या फटीत एखादी पिशवी. तिसरी रांग पाडली की हीच जागा ५५० लिटर होते. तिसरी रांग निम्मी-निम्मी पडते, हा या गाडीचा खरा गुण. सहा माणसं असतील तर मागची एक सीट पाडून तिथे मोठी बॅग, तांदळाचं पोतं, आंब्याची पेटी काहीही बसतं. सातव्या माणसाबरोबर ही सोय संपते. मग सामान टपावर नाहीतर मांडीवर.

शोरूममध्ये चकचकीत गाडीभोवती फेरी मारून काही कळत नाही. सगळं घर घेऊन जा, दोन भरलेल्या बॅगाही न्या. आधी गाडी चालवणाऱ्याने स्वतःच्या सवयीप्रमाणे सीट लावायची. मग दुसऱ्या रांगेत मोठी माणसं बसवून ती रांग त्यांना गुडघ्याला आराम वाटेल तिथे सरकवायची. शेवटी तिसऱ्या रांगेत जो खरोखर तिथे बसणार आहे त्यालाच पाठवायचं. सेल्समन हे उलट्या क्रमाने करून दाखवतो: दुसरी रांग पुढे ओढतो आणि म्हणतो, बघा किती जागा! ती जागा दुसऱ्या रांगेतून उसनी घेतलेली असते. साडेपाच फुटांपर्यंतचा माणूस मागे तासभर बरा बसतो. त्याहून उंच असेल तर गुडघे वर येतात, मांड्यांना आधार राहत नाही आणि दोन तासांत कंबर बोलायला लागते. सगळे बसल्यावर डिकी बंद होते का ते पाहा. ती जोर लावून बंद करावी लागली तर बॅग सीटच्या पाठीवर दाबली जाते आहे आणि प्रत्येक खड्ड्यात मागच्याला धक्का बसणार आहे.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र या गाडीला तोड नाही. फ्लोअर खाली आहे, दार रुंद उघडतं; नऊवारीतली आजीही हात न धरता दुसऱ्या रांगेत बसते. बोलेरो किंवा स्कॉर्पिओत चढताना पाय जेवढा उचलावा लागतो, तेवढा गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला झेपत नाही. ‘मजबूत गाडी’ घेणाऱ्यांच्या हे डिलिव्हरीनंतर लक्षात येतं.

मागच्या एसीबद्दल एकच सांगणं: जो व्हेरियंट घ्याल त्यात मागे स्वतंत्र ब्लोअर आहे याची खात्री करा. २०१८ मध्ये आलेल्या या पिढीत तो छतात, दुसऱ्या रांगेच्या डोक्यावर असायचा. सेकंड हँड बघताना तो सगळ्या वेगांवर फिरवून ऐका. घरघर येत असेल तर मोटर जात आली आहे. मे महिन्यात सोलापूरकडे निघाल्यावर मागे वारा नसेल, तर पुढच्या डॅशबोर्डचा एसी कितीही थंड असो, तिसऱ्या रांगेतलं पोर उलटी करणारच.

आता इंजिन. १४६२ सीसीचं पेट्रोल, ताकद साधारण १०३ पीएस, टॉर्क म्हणजे ओढ साधारण १३७ एनएम. रोजच्या वापरात गुळगुळीत आहे, आवाज नाही, तक्रारी कमी. पण हा टॉर्क इंजिन ४४०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) आसपास फिरलं की मिळतो, आणि गाडी भरलेली असली की हाच आकडा भोवतो. सात माणसं, सरासरी ६५ किलो धरली तरी ४५५ किलो. सामान धरून पाचशेच्या वर. एवढा लोड आणि एसी चालू असताना कुंभार्ली किंवा आंबेनळी घाटाच्या वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दम टाकते. इथे नवखे ड्रायव्हर हाफ क्लचवर गाडी ओढतात, आणि मग पंचवीस-तीस हजार किलोमीटरलाच क्लच प्लेट बदलायची वेळ येते. उपाय साधा आहे: वळणाच्या आधीच दुसरा गिअर टाका, इंजिन तीन हजारांच्या वर फिरू द्या, त्याच्या आवाजाला घाबरू नका. या इंजिनाला फिरायला आवडतं, रेटायला नाही. उतरतानाही तोच गिअर; भरलेली गाडी फक्त ब्रेकवर उतरवली की खाली पोचेपर्यंत डिस्कचा वास येतो. निघण्याआधी टायरची हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर पूर्ण लोडसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. पेट्रोलपंपावरचा पोरगा सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावतो.

ऑटोमॅटिक हवी असेल तर २०२२ नंतरचीच घ्या. त्यात सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा एक प्रकार) आहे. त्याआधीचा चार गिअरचा होता आणि घाटात दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये घुटमळायचा.

सीएनजीचा हिशेब नीट मांडला पाहिजे, कारण तो अर्धाच सांगितला जातो. कंपनीचा आकडा किलोला २६.११ किमी. घरच्या माणसांसह, शहर आणि हायवे मिळून २१-२२ धरा. पेट्रोलवर कंपनी २०.५१ सांगते, भरल्या गाडीत १५ धरा. पेट्रोल १०४ रुपये आणि सीएनजी ८५ रुपये धरून महिन्याला १००० किमी चालवली, तर पेट्रोलचा खर्च सात हजारांच्या आसपास, सीएनजीचा चार हजारांच्या आत. महिन्याला तीन हजार वाचले. दोन गाड्यांतला एक्स-शोरूम फरक साधारण ९५ हजारांचा. पण महाराष्ट्रात पेट्रोल कारला रोड टॅक्स ११ ते १३ टक्के आणि सीएनजीला ८ ते १० टक्के (१ जुलै २०२५ पूर्वी तो ७ ते ९ होता), त्यामुळे ऑन-रोड फरक थोडा कमी होतो. पैसे सुटायला अडीच वर्षं. महिन्याला ५०० किमीच चालत असेल तर पाच वर्षं, आणि तोवर डिकी नाही ती नाहीच.

सीएनजीत ताकदही उतरते: ८८ पीएस, १२१.५ एनएम. घाट आला की पेट्रोलवर टाका, बटण त्यासाठीच दिलंय. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात आठ-नऊ किलो गॅस बसतो. संध्याकाळी पंपावर गर्दी असेल आणि कॉम्प्रेसरचं प्रेशर २०० बारपर्यंत पोचत नसेल, तर सहा किलोतच नोझल काढतात. म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटरने पुन्हा रांग, आणि भरताना सातही जणांनी खाली उतरायचं. पेट्रोलची टाकी रिकामी ठेवून केवळ गॅसवर चालवू नका. गाडी पेट्रोलवरच सुरू होते, आणि इंजेक्टर कोरडे पडले की थंडीत सकाळी त्रास देतात. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर वेळेवर बदला. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी लागते. सेकंड हँड घेताना सिलिंडरवरच्या पाटीवरची तारीख वाचा, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका.

एकूण, रोज चाळीसेक किलोमीटर चालणारी आणि बहुतेक दिवस चार-पाच माणसंच बसणारी गाडी असेल तर सीएनजी. वर्षातून सहा-सात लांबचे प्रवास सगळ्या घराने करायचे असतील तर पेट्रोल मॅन्युअल, बिनतक्रार.

सुरक्षेत या गाडीचा कच्चा दुवा लपवण्यात अर्थ नाही. गाड्या आदळवून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१९ मध्ये तिला पाचपैकी तीन तारे दिले; २०२४ मध्ये आफ्रिकेसाठीची, दोन एअरबॅगची गाडी नव्या, कडक नियमांनी तपासली तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेला एकच मिळाला. दोन्ही वेळा बॉडीशेल, म्हणजे गाडीचा सांगाडा, ‘अस्थिर’ ठरलं. २०२५ पासून सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटमध्ये आहेत ही चांगली गोष्ट, पण पत्रा एअरबॅगने मजबूत होत नाही. मागच्या रांगेनेही बेल्ट लावायचा, आणि ऐंशी-नव्वदच्या वर न्यायची नाही.

मग दुसरं काय? बजेट खरंच घट्ट असेल तर रेनॉ ट्रायबर. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के झाला, तर एर्टिगा लांबी आणि इंजिन दोन्हींमुळे ४० टक्क्यांत बसते. हा फरक किमतीत दिसतो. थर्ड पार्टी विम्यातही ट्रायबर ९९९ सीसी असल्याने सगळ्यात खालच्या गटात येते. तिसऱ्या रांगेच्या सीट तर चक्क काढून घरी ठेवता येतात. पण सात बसले की डिकी ८४ लिटरची, म्हणजे डब्यांची पिशवी आणि पाण्याचा कॅन. आणि ९६ एनएमवर सात माणसं घेऊन आंबोली चढायची म्हणजे इंजिनावर अन्याय. पाच माणसं रोज, दोन पाहुणे कधीतरी, असं घर असेल तर तिच्याइतकी शहाणी गाडी नाही.

किआ कॅरेन्स वरच्या बजेटची. डिझेल घेतलं तर २५० एनएम टॉर्क १५०० आरपीएमपासून हातात येतो, आणि घाटात एर्टिगा चालवणाऱ्याला हेवा वाटतो. तिसरी रांगही अधिक माणसाळलेली. मात्र जिल्ह्याच्या ठिकाणापासून लांब राहत असाल तर सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते आधी बघा. एर्टिगाची क्लच प्लेट, लिंक रॉड, ब्रेक पॅड तालुक्याच्या गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानातही मिळतात. बोलेरो कच्च्या रस्त्याला चांगली, पण मागच्या आडव्या सीटवर मुलांना हायवेने नेणं पटण्यासारखं नाही.

राहिली जुनी इनोव्हा क्रिस्टा, जिच्यावर प्रत्येक घरातल्या काकांचा जीव असतो. २.४ डिझेल, ३४३ एनएम, मागच्या चाकांची ओढ. आठ माणसं आणि सामान घेऊन कुठेही जाते, यात वाद नाही. पण २३९३ सीसीमुळे थर्ड पार्टी विमाच २०२२ च्या दराने ७,८९७ रुपये, जिथे एर्टिगाचा ३,४१६. टायर, क्लच, खालच्या आर्मचे बुश सगळं त्याच पटीत. २०२० नंतरच्या बीएस ६ (धुराचे नवे नियम) गाडीत डीपीएफ, म्हणजे डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर आहे; रोज चार किलोमीटर शाळेची फेरी मारणाऱ्याने ती घेतली तर फिल्टर काजळीने भरतो आणि दिवा लागतो. आठवड्याला एकदा तरी अर्धा तास हायवेवर सलग पळवणार असाल तरच घ्या.

सेकंड हँड सात सीटर, मग ती एर्टिगा असो वा इनोव्हा, घेताना सगळ्यात मोठी भीती टुरिस्टमधून निघालेल्या गाडीची. पिवळ्या पाटीची पांढरी करता येते, मीटर मागे फिरवता येतं. काही खुणा मात्र राहतात. दुसऱ्या रांगेतला सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा: कडा विसविशीत असतील तर लाखभर किलोमीटर आत बसून उठून झालंय. डॅशबोर्डखाली स्पीड गव्हर्नर (टुरिस्ट गाडीचा वेग मर्यादेत ठेवणारं यंत्र) काढल्याची कापलेली, टेप गुंडाळलेली वायर सापडते का बघा. छतावर कॅरिअरच्या क्लॅम्पच्या खुणा, डिकीच्या कडेला बॅगांनी खरवडलेलं प्लास्टिक, क्लच आणि ब्रेक पेडलचं गुळगुळीत रबर. मीटर पन्नास हजार दाखवत असेल आणि पेडलवरची नक्षी पुसलेली असेल तर उठा तिथून. आरसीवर कितवा मालक, हप्त्याचा बोजा उतरला का, हे परिवहनच्या ॲपवर दिसतं. १ एप्रिल २०१९ आधीच्या पासिंगची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी बसवली आहे का तेही विचारा. पंधरा वर्षं व्हायला आलेली गाडी स्वस्त मिळते, पण फेरनोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर तुमच्या माथी येणार.

नवी घेत असाल तर डिलिव्हरीच्या दिवशी हार घालण्याआधी दहा मिनिटं काढा. उत्पादनाचा महिना चेसिसच्या पाटीवर वाचा. तिसऱ्या रांगेच्या दोन्ही सीट पाडून उभ्या करा आणि लॉकचा ‘खट्’ आवाज येतो का ऐका. खाली वाकून स्टेपनी पाहा, ती गाडीच्या पोटाखाली लटकवलेली असते. ती खाली कशी सोडायची ते तिथल्या माणसाकडून प्रत्यक्ष करून घ्या. पाऊस पडत असताना, डिकीत सात जणांचं सामान भरलेलं असताना, महाडजवळ रस्त्याच्या कडेला ते पहिल्यांदा शिकायला लागू नये.