खिडकीची ग्रो बॅग आणि गच्चीवरचे बटाटे: एका हंगामानंतरचा अनुभव

बटाट्यासाठी खास म्हणून विकल्या जाणाऱ्या कापडी ग्रो बॅगला, म्हणजे माती भरून झाड लावायच्या पिशवीला, एका बाजूने वेल्क्रोने बंद होणारी खिडकी असते, आणि ती उघडून झाड न उपटता हवे तेवढे बटाटे काढून घेता येतात, असे विक्रेते सांगतात. माझ्याकडील एका पिशवीची हीच खिडकी डिसेंबरअखेरीस खालच्या शिवणीतून उसवली आणि पाणी घालताना घमेलेभर माती गच्चीवर वाहून आली. त्यानंतर विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार चीड आणणारा होता. तरीही हंगामाच्या मध्यावर या पिशवीबद्दलचे माझे मत एकदा चांगल्या बाजूने बदलले, आणि त्याचे कारण सोलापूरच्या हवेत असल्यामुळे एक तारा देऊन मोकळे होण्याऐवजी सविस्तर लिहीत आहे.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, कसे भिजवावे हे वाचकांना माहीत आहे, असे धरून चालतो. मी घेतलेल्या दोन्ही कापडी पिशव्या पंधरा इंच व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या, म्हणजे काठोकाठ भरल्यास सुमारे ४३ लिटर मातीच्या आहेत. तुलनेसाठी शेजारी त्याच मापाची हिरव्या प्लास्टिकची एचडीपीई बॅग आणि तळाला भोके पाडलेली सिमेंटची एक रिकामी गोणी ठेवली. मिश्रण सगळीकडे एकच होते: एक भाग काळी माती, एक भाग कुजलेले शेणखत, दोन भाग कोकोपीट आणि थोडी निंबोळी पेंड. काळ्या मातीचे प्रमाण यापेक्षा वाढवू नये. आपल्याकडील माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून पिशवीच्या कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी त्या फटीतून थेट तळाला जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. बेणे शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेल्या कुफरी पुखराज या लवकर येणाऱ्या वाणाचे घेतले आणि ठसठशीत कोंब आल्यावर नोव्हेंबरच्या आरंभी प्रत्येक पिशवीत दोन याप्रमाणे लावले.

आता खिडकीविषयी. बटाटा हे मूळ नसून खोडाचा भाग आहे. बेण्यातून वर येणाऱ्या खोडाच्या मातीखालील पेरांतून आडवे धुमारे फुटतात आणि त्यांच्या टोकाशी बटाटा धरतो. हे धुमारे फार लांब जात नसल्यामुळे पिशवीच्या मधल्या भागात लावलेल्या झाडाचे बहुतेक बटाटेही मधल्या भागातच असतात. खिडकी उघडल्यावर समोर दिसते ती माती आणि पांढऱ्या मुळांची दाट जाळी. बटाट्यापर्यंत हात घालायचा तर ती जाळी तोडावी लागते, म्हणजेच बटाटा पोसण्याच्या ऐन दिवसांत पाल्याचा पाणीपुरवठा आपल्याच हाताने कमी करावा लागतो. जाहिरातीतील छायाचित्रात खिडकीला टेकून बसलेले, धुतल्यासारखे स्वच्छ आणि एका मापाचे बटाटे दिसतात. ते तेथे बाहेरून आणून ठेवलेले आहेत, याविषयी मला आता शंका उरलेली नाही.

खिडकी उघडण्यापेक्षा ती बंद करणे अधिक कठीण आहे. तिच्यामागे दाबून बसलेली माती झडप सैल होताच खाली येते, आणि पुन्हा भरून झडप लावावी तर वेल्क्रोच्या आकड्यांत मातीचे कण आणि कोकोपीटचे धागे अडकलेले असतात. जुन्या टूथब्रशने घासून पाहिले. दोन दिवस झडप धरते आणि पाणी दिल्यावर मातीचा भार वाढला की पुन्हा सुटते. राहिलेल्या फटीतून उजेड आत जातो, आणि बटाट्याला उजेड लागणे ही किरकोळ बाब नाही. उजेडाने बटाट्यात हरितद्रव्य तयार होते आणि त्याच वेळी सोलानिनसारखे कडू, विषारी घटकही वाढतात, जे स्वयंपाकाच्या उष्णतेने फारसे नष्ट होत नाहीत. खिडकीच्या बाजूला चुकून आलेले जे थोडे बटाटे मिळाले, ते एका अंगाने हिरवे होते आणि फेकून द्यावे लागले. म्हणजे खिडकीतून काढता आले असते असे जे बटाटे होते, तेच खिडकीने खाण्यालायक ठेवले नाहीत. शिवाय ज्या कामासाठी ही सोय आहे ते काम तिच्याविना होते: वरची माती बोटांनी हलकेच बाजूला करून खोडाभोवती चाचपले की मोठे बटाटे हाताला लागतात, भाजीपुरते काढून घेऊन माती पुन्हा सारता येते.

उसवलेल्या शिवणीचे छायाचित्र पाठवल्यावर विक्रेत्याचे पहिले उत्तर आले की पिशवी बदलून देण्याची मुदत सात दिवसांची आहे. सात दिवसांत बटाट्याचा कोंब बहुधा मातीबाहेरही आलेला नसतो. वस्तू बटाट्यासाठी म्हणून विकायची आणि तिच्या परीक्षेची मुदत बटाटा उगवण्याआधी संपवायची, हा व्यवहार मला समजलेला नाही. दुसऱ्या उत्तरात त्यांनी पार्सल उघडतानाचे चित्रीकरण मागितले, आणि तिसऱ्यात हे नुकसान वापरामुळे झाल्याचे कळवले. माती भरण्याखेरीज या पिशवीचा दुसरा कोणता वापर आपल्याला अभिप्रेत होता, असे मी विचारले. त्यावर उत्तर आले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी पाच तारे देण्याची विनंती करणारा संदेश आला. शेवटी दाभण आणि नायलॉनचा दोरा घेऊन दोन्ही पिशव्यांच्या खिडक्या चारही बाजूंनी कायमच्या शिवून टाकल्या. चादरी-टॉवेलच्या गावात राहून एवढी शिवण आधीच यायला हवी होती, असे घरातून ऐकावे लागले. बिनखिडकीची हीच पिशवी त्याच विक्रेत्याकडे सत्तर रुपयांनी स्वस्त मिळते, हे येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

माझी दुसरी मोठी तक्रार पाण्याची होती. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर टाक्या भरून घर चालवावे लागते, आणि अशा घरात रोज झारी मागणारी पिशवी ही चैन वाटते. कापडी पिशवी वरून, तळातून आणि सगळ्या अंगाने पाणी सोडते. शेजारची एचडीपीई बॅग तिच्या निम्म्या पाण्यात भागवत होती, पालाही तजेलदार होता, आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत कोणी विचारले असते तर मी निःशंकपणे एचडीपीईचीच शिफारस केली असती.

मत बदलले ते तापमापकामुळे. बटाटा धरण्यासाठी मातीचे तापमान १५ ते २० अंश सेल्सिअस सर्वांत चांगले. त्यापुढे बटाटे धरण्याचे प्रमाण घटत जाते आणि ३० अंशांच्या आसपास ते जवळजवळ थांबते. सोलापुरात डिसेंबरच्या रात्री १५ अंशांच्या आसपास असल्या तरी दुपार ३० अंशांजवळ जाते, आणि गच्चीवर खालून फरशी व बाजूने कठडाही तापतो. दुपारी तीनच्या सुमारास सळईचा तापमापक खोचून पाहिला, तेव्हा एचडीपीई बॅगच्या उन्हाकडील बाजूची माती ३४ अंशांवर होती आणि कापडी पिशवीची त्याच बाजूची माती २५ अंशांवर. कापडातून झिरपणारे पाणी कोरड्या हवेत उडून जाताना मातीतली उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने ही माती गार राहते. ज्याला मी पाण्याची नासाडी म्हणत होतो, ते बऱ्याच अंशी पिकाचे काम करणारे पाणी होते. अर्थात, हा गुण कोरड्या हवेचा आहे. कोकणातल्या दमट हवेत पाणी इतक्या वेगाने उडणार नाही आणि हा लाभही तितका मिळणार नाही.

पाण्याची गरज त्यानंतर थोडी आटोक्यातही आणली. पिशव्या कठड्याच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवल्या आणि वर उसाच्या पाचटाचा चार बोटे थर दिला. आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही. ज्वारीच्या कडब्याची कुट्टीही चालेल, पण सध्याचे कडब्याचे भाव पाहता ती जनावरांसाठी ठेवणे बरे.

बोअरचे जड पाणी मात्र या पिशवीला मानवत नाही. पाणी बाहेरून उडते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे महिन्याभरात कापडावर पांढरा थर दिसू लागतो, आणि जे बाहेर दिसते त्याहून अधिक आत साचलेले असते. नळाचे पाणी आले की तळातून निथळेपर्यंत भरपूर पाणी देऊन क्षार धुऊन काढणे हाच उपाय मला लागू पडला. काही बटाट्यांच्या सालीवर स्कॅब रोगाच्या खरखरीत खपल्या आल्या. बटाटे धरण्याच्या सुमारास माती कोरडी पडली आणि ती अल्कधर्मी असली की हा रोग बळावतो, म्हणून बटाट्याला चुलीतली राख घालण्याचा सल्ला सोलापूरच्या माती-पाण्यात मी मानणार नाही. राखेने मातीचा अल्कधर्मीपणा आणखी वाढतो.

पिशवीसोबत आलेल्या पत्रकात झाड वाढेल तशी मातीची भर देत जावे म्हणजे थरावर थर बटाटे लागतात, असे लिहिले आहे. भर द्यावी, हे खरे, कारण तिने वरचे बटाटे उजेडापासून झाकले जातात आणि खोडाला आधार मिळतो. पण लवकर येणारे वाण बहुतेक बटाटे एकाच सुमारास आणि बेण्याच्या आसपासच धरतात. पिशवी उलटी केल्यावर सगळे बटाटे मधल्या एका पट्ट्यात सापडले, वरच्या भरीत काहीही नव्हते.

उलटी करण्याचा हा प्रकार मात्र मनापासून आवडला. जानेवारीत, गड्ड्याची जत्रा आटोपल्यानंतर पाला पिवळा पडून लोळू लागला. मग पाणी तोडले, साल घट्ट होऊ दिली आणि पिशवी ताडपत्रीवर पालथी केली. जमिनीतून काढताना खुरप्याने हमखास काही बटाटे चिरले जातात आणि चिरलेला बटाटा टिकत नाही. येथे एकही दुखावला नाही. पूर्वी अंगणात लावले तेव्हा निम्मा माल घुशींनी नेला होता, ती धास्तीही गच्चीवर नव्हती. ओल्या मातीची पिशवी चाळीस किलोंच्या वर जाते, पण दोघांनी उचलताना कापडी कड्यांची शिवण तसूभर हलली नाही. कड्या शिवणाऱ्यानेच खिडकी शिवली असेल, यावर विश्वास बसत नाही.

उत्पन्न असे: कापडी पिशव्यांत प्रत्येकी सव्वा किलोच्या आसपास, एचडीपीईत जेमतेम सहाशे ग्रॅम आणि सिमेंटच्या गोणीत नऊशे ग्रॅम. देशाची सरासरी हेक्टरी साधारण २५ टन, म्हणजे चौरस मीटरला अडीच किलो धरली, तर पिशवीच्या तोंडाएवढ्या जागेला पावणेतीनशे ग्रॅमच येतात. त्यावरून कुंडीत शेताच्या चौपट पीक येते असे सांगणारे बरेच भेटतात. हा हिशेब फसवा आहे, कारण पाला पिशवीच्या तोंडाबाहेर पसरून आजूबाजूच्या जागेतले ऊन घेत असतो. शेतात दोन झाडांना जेवढी जागा मिळते तेवढी धरली तर तुलना सहाशे ग्रॅमशी करावी लागेल.

पैशांचा हिशेब याहून कठोर आहे. खिडकीची पिशवी २९० रुपयांना पडली. बाजारात तीस रुपये किलोने मिळणारा बटाटा सव्वा किलो निघाला, म्हणजे हंगामाला अडतीस रुपयांचा माल झाला, आणि सोलापुरात बटाट्याचा हंगाम वर्षातून एकच. कोकोपीट, खत आणि पाणी फुकट धरले तरी नुसत्या पिशवीचे पैसे फिटायला जवळजवळ आठ वर्षे लागतील. मोहोळकडचे आमचे काका काढणीच्या दिवशी आले होते, ताडपत्रीकडे पाहून ते एवढेच म्हणाले, "गोणीभर माती आणि पसाभर बटाटे." सिमेंटच्या गोणीला मात्र काहीच खर्च आला नव्हता आणि तिने कापडी पिशवीच्या सुमारे पाऊणपट उत्पन्न दिले, कारण तिच्याही विणीतून थोडी हवा खेळते. तिचा दोष असा की उन्हाने ती ठिसूळ झाली आणि काढणीच्या वेळी हातात तिचे तुकडे आले. एका हंगामापुरती ती पुरते.

त्यामुळे ज्यांना बचत करायची आहे त्यांनी सिमेंटची गोणी वापरावी, आणि ज्यांना नव्या बटाट्याची पातळ साल नखाने सोलून भाजी करण्याची हौस आहे त्यांनी बिनखिडकीची कापडी पिशवी घ्यावी. काळी किंवा हिरवी प्लास्टिकची बॅग येथील उन्हात बटाट्यासाठी घेऊ नये. कापडाला चार, कड्यांना पाच आणि खिडकीला शून्य तारे द्यावेत असे माझे मत आहे, परंतु आकडा एकच मागितला जातो, म्हणून तीन दिले.

पुढच्या हंगामासाठी उष्णता सहन करणारा कुफरी सूर्या मिळतो का, हे पाहत आहे. बेण्याच्या मोठ्या बाजारासाठी मंचरची ख्याती आहे, पण पसाभर बेण्यासाठी तेथवर जाण्याचा खर्च वरच्या हिशेबात बसत नाही. तोपर्यंत एका पिशवीत गवार लावली आहे. बटाट्याच्या कुळातील असल्यामुळे मिरची, वांगी आणि टोमॅटो या मातीत यंदा घेणार नाही, आणि दुसरी पिशवी धुऊन, वाळवून जिन्याखाली ठेवली आहे, कारण रिकामे कापड एप्रिल-मेच्या उन्हात पडून राहिले तर तेही गोणीच्याच वाटेने जाईल.