जुनं नाशिक अधिक मूकपट: सोळा चित्रांचा संच घ्यावा का?

जाड पुठ्ठ्याची पेटी, आत 12×18 इंचांची सोळा चित्रं: दहा जुन्या नाशकाची, सहा मूकपटांच्या जमान्यातली. किंमत 2,400 रुपये, म्हणजे नगाला दीडशे. छापणाऱ्याचं नाव इथे मुद्दाम देत नाही. असे संच बरेच निघतात आणि खाली सांगितलेल्या खोड्या थोड्याफार फरकाने सगळ्यांतच सापडतात.

निवड मात्र दाद देण्याजोगी. काळाराम आणि रामकुंड असणारच, पण मेन रोड ते नाशिकरोड स्टेशन धावणाऱ्या, सुरुवातीला घोडे जुंपलेल्या ट्रामलाही जागा मिळालीय. सरकारवाड्याचा दर्शनी भाग आहे. पांडवलेण्यांतलं अठरा क्रमांकाचं चैत्यगृह आहे. एरवी तिसऱ्या लेण्यावरच काम भागवतात.

सगळ्यांत सरस चित्र नारोशंकराच्या मंदिराचं. 1747 चं हे देऊळ आणि त्याची ती घंटा, वसईच्या 1739 च्या विजयानंतर आलेली. घंटा नदीकडच्या दर्शनी भिंतीवर आहे, म्हणजे तोंड पश्चिमेला. सकाळी काढलेल्या फोटोत ती नुसती काळी सावली दिसते. इथे फोटो दुपारनंतरचा आहे. उन्हाने घंटेचा काठ उजळलाय, कमानीच्या आतला अंधारही सपाट झालेला नाही, दगडांचे सांधे मोजता येतात. मूळ प्रत नीट स्कॅन केल्याशिवाय असं येत नाही.

आता घोळ. व्हिक्टोरिया पुलावरून, म्हणजे आजच्या अहिल्यादेवी होळकर पुलावरून, रामकुंडाकडे पाहताना घेतलेलं घाटांचं चित्र चक्क उलटं छापलंय. पुलावर उभं राहून पाण्याच्या वाहत्या दिशेला तोंड केलं की पंचवटी डाव्या हाताला येते आणि जुनं नाशिक उजव्या. चित्रात पंचवटीकडचं नारोशंकर उजवीकडे! जुनी काचेची निगेटिव्ह स्कॅन करताना मसाल्याची, म्हणजे रसायनाचा थर असलेली, बाजू चुकली की असं होतं. शिखरं, पायऱ्या, छत्र्या दोन्हीकडून सारख्याच दिसतात, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. पाटी किंवा अक्षरं असती तर लगेच कळलं असतं. घाटाचा कुठलाही जुना फोटो विकत घेताना पहिला प्रश्न हाच: पाणी कुठून कुठे वाहतंय, आणि त्या हिशेबाने पंचवटी कुठल्या हाताला आहे?

पुराच्या चित्राखाली नुसतं ‘गोदावरीचा महापूर’ लिहून मोकळे झालेत. चित्रात घाटावरची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती स्पष्ट दिसते. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आहे, कमरेला की गळ्याशी, ही नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. ती समोर असताना मोघम ओळ टाकायची म्हणजे आळसच.

मूकपटांच्या सहा चित्रांत गडबड जास्त आहे. ‘राजा हरिश्चंद्र, 1913, नाशिक’ ही ओळ दोन ठिकाणी चुकते. 3 मे 1913 ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागलेला तो चित्रपट दादासाहेब फाळक्यांनी दादरला उभा केला होता. बिऱ्हाड नाशकात आलं त्यानंतर. दुसरं म्हणजे, या चित्रपटाचे म्हणून आज दाखवले जाणारे तुकडे फाळक्यांनी 1917 मध्ये नव्याने केलेल्या आवृत्तीचे आहेत, असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे 1917 लिहिलं असतं तर ते नाशिकच्या संचाला उलट जास्त शोभलं असतं. तारामतीखाली ‘नायिका’ एवढंच छापलंय. ती भूमिका अण्णा साळुंके यांची, आणि ते पुरुष होते हे सांगायला एक ओळ पुरली असती. ‘मोहिनी भस्मासुर’ खाली मात्र कमलाबाई गोखले आणि दुर्गाबाई कामत ही नावं बरोबर आहेत. ‘कालिया मर्दन’ला 1919 हे साल आणि कृष्ण झालेल्या मंदाकिनी फाळके हे नावही बरोबर.

मूकपटाच्या चौकटीची रुंदी-उंची साधारण चारास तीन. इथे पानभर चित्र बसवायच्या नादात वरून-खालून कापलंय. कालियाच्या फण्यावरच्या कृष्णाचे पायच गायब! त्या चित्रात पाहायचे ते पायच. कडेला पांढरी जागा सोडली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

सहावं चित्र ‘राजा हरिश्चंद्रचं मूळ पोस्टर’ म्हणून दिलंय. ते आजच्या संगणकावर बनवलेलं आहे. बाबूराव पेंटर यांच्या ‘कल्याण खजिना’चं 1924 चं पोस्टर हे उपलब्ध सचित्र पोस्टरांत सर्वांत जुनं मानतात, त्याआधीचं रंगीत ‘मूळ पोस्टर’ कुणी दाखवलं तर पाकीट खिशातच ठेवावं. पुढच्या काळातली खरी पोस्टरं बहुधा 30×40 किंवा 20×30 इंचांची, घड्या घालून पाठवलेली असत. घड्यांच्या रेषेवर शाई उडालेली दिसते, बोटाला खरबरीत लागते. दहापट भिंगाखाली दगडी छपाईचे कण वेडेवाकडे दिसतात, आजच्या ऑफसेट छपाईचे ठिपके शिस्तीत फुलासारखे मांडलेले असतात. छापलेली घडी आणि छापलेले डाग हे तर सरळ नक्कल असल्याचं लक्षण. या संचातल्या सोळाही चित्रांवर पिवळट झाक मारलीय ती जुनं भासवायच्या त्याच हौसेपायी. नारोशंकराचं चित्र एवढं चांगलं असूनही आकाश चहा सांडल्यासारखं दिसतं.

कागद 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम) आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. हाताळायला ठीक, पण लॅमिनेशनचा काठ दमट हवेत सुटतो आणि एकदा सुटला की बसवता येत नाही. त्यामुळे पावसाळ्याआधी फ्रेम करून घ्यावी.

फ्रेमवाल्याला सांगायच्या गोष्टी थोड्याच, पण ठासून सांगाव्या लागतात. चित्र काचेला चिकटता कामा नये. मध्ये चारही बाजूंना दोन इंचांचा आम्लमुक्त माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड कागदाची पट्टी, हवा; म्हणजे 12×18 च्या चित्राची फ्रेम 16×22 ची होते. चित्र मागून सेलोटेप किंवा फेव्हिकॉलने डकवू देऊ नका. वरच्या दोन कोपऱ्यांना कागदी बिजागरी पुरते. खालची बाजू मोकळी राहिली की दमट दिवसांत कागद फुगला तरी सुरकुती पडत नाही. पाठीला एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) थेट लावला तर त्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो, मध्ये आम्लमुक्त बोर्ड टाकायला सांगा. मागच्या खालच्या कोपऱ्यांना रबरी बटणं लावा, भिंतीपासून पाच-सहा मिलिमीटर अंतर राहतं. जुन्या वाड्याच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर हे केलं नाही तर एका पावसात बुरशीचे तपकिरी ठिपके उठतात. पश्चिमेचं ऊन येणारी भिंतही टाळा.

पेटीत ठिकाणांचा नकाशा दिलाय, तो उपयोगी आहे. फाळके स्मारक आणि पांडवलेणी एकाच पायथ्याशी असल्याने त्या एकाच फेरीत उरकतात. लेणी सकाळी आधी चढावीत, ऊन वाढल्यावर पायऱ्या तापतात. सरकारवाडा, सुंदरनारायण, पूल आणि घाट पायी होतात. सुंदरनारायणाचं तोंड पूर्वेला, त्यामुळे ते सकाळी आणि नारोशंकर चारनंतर, असा क्रम धरला तर दोन्हींवर समोरून ऊन मिळतं. नकाशात क्रम बरोबर उलटा दिलाय.

पूर्ण पेटी आम्ही सुचवणार नाही. सुटी चित्रं नगाला 180 रुपयांनी मिळतात: नारोशंकर, ट्राम, चैत्यगृह आणि ‘मोहिनी भस्मासुर’ ही चार घ्यावीत, 720 रुपये होतात. पुढच्या छपाईत उलटं चित्र सुलटं केलं तर घाटाचंही घ्यायला हरकत नाही.