दंडावरचं बीपी मशीन: मशीन चांगलंय, पण डब्यातला कफ बघून घ्या

मशीनला चार स्टार, सोबत येणाऱ्या कफला (दंडाला बांधायचा हवेचा पट्टा) दोन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या रेंजमधल्या बहुतेक मशीनांची हीच गत आहे. मी फॅमिली डॉक्टर आहे, पेशंटना घरी बीपी बघायला सांगतो म्हणून एक स्वतःच मागवलं. दवाखान्यातल्या पाऱ्याच्या मशीनशी ताडून बघितलं, दोन-चार पॉइंटचा फरक येतो, तेवढा चालतो. बटण एकच, आकडे मोठे, चष्मा नसला तरी दिसतात.

आता कफ. डब्यात मध्यम साइजचा येतो, त्यावर बारीक अक्षरात 22 ते 32 सेमी छापलंय, ते कोणी वाचत नाही. ज्यांचा दंड जाड त्यांनी तोच ओढूनताणून बांधला की हवा भरताना वेल्क्रो चर्रकन सुटतो, आणि नाही सुटला तर आणखी वाईट, कारण आकडा खोटा येतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठवाल्यांनी 2023 मध्ये 195 लोकांवर हेच तपासलं, ज्यांना एक्स्ट्रा लार्ज कफ लागतो त्यांना रेग्युलर लावला तर वरचं बीपी सरासरी 19.5 ने जास्त आलं! म्हणजे नॉर्मल माणूस फुकटचा बीपीचा पेशंट होतो आणि गोळ्या सुरू. एका काकूंचं घरी सारखं 158 यायचं, मोठा कफ लावल्यावर 140 च्या आत. तेव्हा ऑर्डर करायच्या आधी शिंप्याची टेप घ्या, खांदा आणि कोपराच्या मधोमध दंड मोजा, 32 सेमीच्या वर असेल तर मोठा कफ असलेलं मॉडेलच घ्या. मोठा कफ नंतर वेगळा मिळतो पण त्याच मॉडेलला बसणारा शोधताना नाकी नऊ येतात.

सोबतच्या पुस्तिकेत हात टेबलावर ठेवा असं चित्र आहे, तेही कोणी बघत नाही, सोफ्यावर बसून हात मांडीवर ठेवून बटण दाबतात. त्याच हॉपकिन्सचा 2024 चा अभ्यास आहे, 133 जणांचा: हात मांडीवर असेल तर वरचं बीपी जवळपास 4 ने जास्त दाखवतं, बाजूला लोंबकळत ठेवला तर 6.5 ने. खरं सांगायचं तर आपल्याकडे कित्येक ओपीडीत पण स्टुलावर बसवून हात असाच लोंबकळत ठेवतात, त्यामुळे नुसतं पेशंटना काय बोलणार. जेवणाचं टेबल बेस्ट, कफ छातीच्या लेव्हलला येतो. आधी पाच मिनिटं गप्प बसा, चहा-तंबाखू अर्धा तास आधीपासून बंद, मग एक मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग. आणि घरच्या आकड्याला 135/85 ही मर्यादा धरा, 140/90 ही दवाखान्यातली.

मेमरी छान आहे, तारीख-वेळेसकट. फक्त त्यामुळे लोक सकाळचा नि रात्रीचा आकडा घेऊन येतात आणि विचारतात, डॉक्टर गोळी रात्री घेऊ का, व्हॉट्सअॅपवर आलंय. ब्रिटनमध्ये यावरच ‘टाइम’ नावाचा अभ्यास झाला, त्यात 21 हजारांवर लोक होते, 2022 ला निकाल आला, सकाळी घ्या की रात्री, हार्ट अटॅक-स्ट्रोकमध्ये काही फरक नाही. जी वेळ चुकणार नाही ती तुमची वेळ.

मनगटावर बांधायचं मशीन स्वस्तात दिसलं तरी घेऊ नका, त्यात हात जरा खालीवर झाला की आकडा बदलतो. ज्यांचे ठोके अनियमित आहेत त्यांनी यावर एकट्यावर विसंबू नये, डॉक्टरकडून पण तपासून घ्या.

अॅडॅप्टर डब्यात नाही, वेगळा घ्यावा लागतो. मी घेतला नाही, पेन्सिल सेलवर आरामात चालतंय.