कानातल्या शिट्टीसाठी घेतलेले ध्वनियंत्र : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कानात रात्रंदिवस शिट्टी वाजत असल्यामुळे उशाशी ठेवायचे, रात्रभर एकसलग आवाज करणारे ध्वनियंत्र घ्यावे की नाही, अशा विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. माझे वय २४ आहे. मी नागपुरात राहून राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करते आणि हे यंत्र गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीपासून, मधले उन्हाळ्याचे अडीच महिने सोडले तर, रोज रात्री वापरते आहे. ते मला २,४५० रुपयांना पडले. यंत्राने माझी शिट्टी गेलेली नाही. शिट्टी असताना झोप लागू लागली, आणि माझ्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

मी चार वर्षे एका ढोल-ताशा पथकात ताशा वाजवत होते. ढोलाचा आवाज छातीत घुमतो, ताशाचा मात्र थेट कानात शिरतो. दोन बारीक काड्यांचा तो तडतडाट उंच पट्टीचा असतो आणि ताशेवाले रांगेत खांद्याला खांदा लावून उभे असतात, त्यामुळे स्वतःच्या ताशाइतकाच शेजारच्या ताशाचाही मारा कानांना सोसावा लागतो. सरावानंतर कानांना दडे बसायचे, बारीक किणकिण ऐकू यायची आणि सकाळपर्यंत सारे पूर्ववत व्हायचे, म्हणून आमच्यापैकी कोणीही त्याकडे लक्ष देत नसे. गेल्या वर्षी विसर्जनानंतरची सकाळ गेली, दुपार गेली, आठवडा गेला, तरी ती किणकिण गेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित श्रवणासाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल आणि ४० तास अशी आहे, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ही वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०१ डेसिबलला आठवड्याचा सगळा वाटा वीस मिनिटांच्या आत संपतो. आमचा सराव रोज दोन तास चालत असे, आणि हा हिशेब मला तेव्हा कोणी सांगितला असता तर किती बरे झाले असते, असे आजही वाटते.

घरात सुरुवातीला कोणाला ते खरे वाटेना. ‘या वयात कसला कानाचा आजार,’ असे आजी म्हणाली आणि लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडायला निघाली. माझे मामा वैद्य आहेत. त्यांनी तिला थांबवले आणि सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे जे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत त्यांत कर्णनादाचे नाव आहे, असे सांगून आधी कान तपासून घ्यायला लावले. आपल्याला जे होते आहे त्याला जुने, सरळ नाव आहे, एवढ्यानेही मला त्या दिवशी धीर आला होता.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कानात मळ किंवा जंतुसंसर्ग नसल्याची खात्री केली आणि श्रवणचाचणीला पाठवले. ध्वनिरोधक खोलीत हेडफोन लावून बसायचे आणि आवाज ऐकू आला की हातातली कळ दाबायची, अशी ती चाचणी असते. माझ्या आलेखावरची रेघ २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंत जवळजवळ सपाट होती, फक्त ४,००० हर्ट्झपाशी दोन्ही कानांत खाली खचली होती. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही ओळखीची खूण आहे. आतल्या कानातल्या ज्या केसाळ पेशी आवाजाचा संदेश मेंदूकडे पाठवतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्या पट्टीचा संदेश तोकडा पडू लागला की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि त्यातूनच बाहेर नसलेला आवाज ऐकू येऊ लागतो, असे तज्ज्ञ मानतात. नंतर ऑडिओलॉजिस्टबाईंनी शिट्टीशी जुळणारा आवाज शोधून तिची उंची आणि मोठेपणा मोजला. रात्री सगळे घर भरून टाकणारी माझी शिट्टी, त्या पट्टीत मला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या फक्त ६ डेसिबल वर निघाली. तो आकडा ऐकून मी रडले, कारण इतक्या लहान आवाजाने माझे तीन महिने खाल्ले होते.

दिवसा अभ्यासिकेत सर्वांत जास्त त्रास होई. तिथे पान उलटल्याचाही आवाज ऐकू येतो, आणि ज्या शांततेसाठी महिन्याचे पैसे भरायचे तीच माझ्यावर उलटत होती. मी फोमचे बोळे कानात घालून बसू लागले आणि शिट्टी दुप्पट झाल्यासारखी वाटू लागली. बाहेरचा आवाज बंद केला की आतला वर येतो, हे कळायला मला दोन आठवडे लागले. बोळे मोठ्या आवाजात घालायचे असतात, शांततेत नव्हे. शेवटी मी पंख्याखालची, रस्त्याकडच्या खिडकीजवळची, कोणालाही नको असलेली जागा मागून घेतली. आजही मी तिथेच बसते. रात्रीचे मात्र काही करता येत नव्हते. नोव्हेंबरात नागपूरला थंडी पडू लागली, पंखे बंद झाले, आणि डोळ्याला डोळा लागेनासा झाला. तेव्हा हे यंत्र मागवले.

यंत्र वाटीएवढे आहे. त्यात पांढरा, गुलाबी आणि तपकिरी असे तीन प्रकारचे एकसलग आवाज आहेत, शिवाय पाऊस, ओढा आणि पंखा. पांढऱ्या आवाजात सगळ्या पट्ट्या सारख्या जोराच्या असतात, त्यामुळे तो कानाला चरचरीत लागतो. गुलाबी आवाज वरच्या पट्टीकडे हळूहळू उतरत जातो, तर तपकिरी त्याहून वेगाने उतरतो आणि दुरून येणाऱ्या धबधब्यासारखा वाटतो. माझी शिट्टी उंच पट्टीची असल्यामुळे तपकिरी आवाज तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, पांढरा सहन होत नाही, आणि गुलाबी नेमका जमतो.

पहिले दोन महिने मी हे यंत्र चुकीचे वापरले. शिट्टी ऐकूच येऊ नये म्हणून आवाज चढवत नेला. त्याने झोप लागे, पण पहाटे यंत्र बंद पडले की शिट्टी दुप्पट जोराने अंगावर आल्यासारखी वाटे, आणि आईला शेजारच्या खोलीत झोप येईना. जानेवारीत ऑडिओलॉजिस्टबाईंकडे गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, की यंत्र सुरू असताना शिट्टी ऐकू येते का. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, ‘मग आवाज कमी करा. दोन्ही ऐकू यायला हवेत, आणि यंत्राचा आवाज शिट्टीपेक्षा थोडा खालीच हवा.’ रात्री वीज गेल्यावर देवघरातली समई साऱ्या खोलीत एकटीच दिसते. वीज आली की ती विझत नाही, पण नजर तिच्याकडे जात नाही. तसे करायचे आहे, असे त्यांनी समजावले. शिट्टी कानावर पडतच राहावी आणि त्यातून काही वाईट घडत नाही हे मेंदूने हळूहळू शिकावे, हा कर्णनादाचे संशोधक पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० च्या सुमारास मांडलेल्या विचाराचा गाभा आहे. ती पूर्ण झाकून टाकली तर मेंदूला शिकायला काही उरतच नाही. आवाज कमी केल्यानंतरचे पहिले दहा-बारा दिवस वाईट गेले. मग एका रात्री शिट्टीकडे लक्ष न जाताच झोप लागली होती, हे सकाळी लक्षात आले.

यंत्राचा सर्वांत मोठा दोषही इथेच आहे. त्याची सर्वांत खालची पायरीच माझ्या गरजेपेक्षा मोठी आहे. मी ते टॉवेलच्या दोन घड्यांत गुंडाळून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटावर ठेवते, तेव्हा कुठे आवाज हवा तेवढा होतो. पावसाचा आवाज तर मी कोणालाच सुचवणार नाही. तो एक मिनिटाहूनही लहान ध्वनिमुद्रणाची पुनरावृत्ती आहे आणि जोडावर क्षणभर फट पडते. एकदा ती फट कानाने हेरली की पुढची फट कधी येते याची वाट पाहत जागे राहावे लागते, आणि त्या फटीतून शिट्टी नेमकी डोकावते. टायमर संपला की आवाज हळूहळू विरत नाही, एकदम तुटतो, त्यामुळे मी टायमर वापरणे सोडून दिले. निळ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. सातव्या महिन्यात चार्जिंगचे तोंड सैल झाले. विक्रेत्याने यंत्र बदलून दिले, पण त्यासाठी एकोणीस दिवस आणि पाच फोन लागले.

एप्रिलच्या मध्यापासून कूलर सुरू झाला आणि यंत्र कपाटात गेले. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी झिरपत असताना पंख्याची जी घरघर येते, ती यंत्रातल्या कुठल्याही आवाजापेक्षा भरीव आहे, तिच्यात जोडाची फट नाही आणि ती पहाटे तुटत नाही. बाहेर पारा ४५ च्या वर असताना मी वर्षातली सर्वांत गाढ झोप घेतली. जूनअखेर पाऊस स्थिरावला आणि बाबांनी कूलर बंद केला, त्या रात्री मला धास्ती वाटत होती, पण टॉवेलमधले यंत्र पुन्हा सुरू केले आणि तिसऱ्या दिवशी घडी बसली. ज्यांच्याकडे जुना, घरघरणारा टेबलपंखा आहे त्यांनी तो महिनाभर भिंतीकडे तोंड करून लावून पाहावा आणि मगच पैसे खर्च करावेत, असे मला मनापासून वाटते.

कर्णनादाचा जाच मोजणारी पंचवीस प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, तिचे गुण ० ते १०० असतात. डिसेंबरात माझे ६२ आले होते, ऑगस्टमध्ये २८ आले. शिट्टीचा मोठेपणा पुन्हा मोजला तेव्हा तो जवळपास तेवढाच होता. या फरकाचे सगळे श्रेय यंत्राला देणे खरे होणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मी एका मानसोपचारतज्ज्ञांकडे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी आठ सत्रे घेतली, आणि शिट्टीमुळे होणारा त्रास कमी करण्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा याच उपचाराचा आहे. ‘हे असेच राहिले तर परीक्षा गेली, आयुष्य गेले,’ हे वाक्य माझ्या मनात रोज रात्री किती वेळा येत होते, ते मी तिथे पहिल्यांदा कागदावर लिहिले. जिंको या झाडाच्या अर्काच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी घेऊ दिल्या नाहीत, कारण त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

यंत्र मागवण्याआधी कान तपासणे टाळू नये. शिट्टी एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा सोबत चक्कर येत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. एका कानाने अचानक ऐकू येणे कमी झाले तर ती तातडीची बाब असते, कारण त्यावरचे औषध पहिल्या काही दिवसांतच नीट लागू पडते.

यंदाच्या गणेशोत्सवात मी वादकांसाठीचे बोळे घालून, फक्त दोन दिवस आणि रांगेच्या कडेला उभी राहून ताशा वाजवला. आमच्या पथकातल्या अकरा जणांनी बोळे घेतले आहेत, आणि त्यांतली सर्वांत लहान मुलगी सतरा वर्षांची आहे.

यंत्र घ्यायचेच असेल तर माल परत करण्याची मुदत विचारून घ्यावी. मला ती सात दिवसांची मिळाली होती आणि मी ते सात दिवस आवाज चढवण्यात घालवले. त्या दिवसांत घरातले सगळे झोपल्यावर यंत्र सर्वांत खालच्या पायरीवर ठेवून, त्याच्याआडून आपली शिट्टी ऐकू येते का, एवढे पाहावे. ती ऐकू आली नाही, तर यंत्र परत करून अधिक हळू वाजणारे दुसरे घ्यावे.